दोन हजार तीनशे अकरावी

आमचे मिस्त्री बोलत नसत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायची वेळ माझ्यावर आली आहे. आणि मी एकदा सुरू झाले की मला आवरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मिस्त्री दगडावर अक्षरं कोरायचे. मी त्याच शेडमध्ये दगडावर अक्षरं आखते. मी पट्टी लावून गेरूने अक्षर काढायचं, त्यांनी त्यावर टाकी धरून ते खोदायचं, आणि मग दोघांनी आपापला चहा आपापल्या कोपऱ्यात प्यायचा, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. बाहेरच्या माणसाला वाटायचं यांचं भांडण झालंय. अहो, भांडायला तरी दोघांना बोलावं लागतं.

शेड बंदराच्या मागच्या रस्त्यावर, पत्र्याची. दारात लाद्या टेकवून ठेवलेल्या, आत धूळ इतकी की चष्मा पुसायचा कंटाळा येऊन मी तो काढूनच ठेवायची. मिस्त्री तोंडाला फडकं बांधत. मालकाने आणलेला मास्क खिळ्याला टांगलेला, त्याच्यावरही धूळ. दुकानांच्या पाट्या, कोनशिला, थडग्यांवरचे दगड, जे येईल ते आम्ही करायचो. मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्या कामात खोट शोधायची आणि मला ती सापडायची नाही. एका अक्षराची खोली दुसऱ्यापेक्षा केसभर कमी नाही की जास्त नाही. मला त्याचा रागच यायचा, कारण माझी आखणी चुकली तर ती चूकही ते तितक्याच इमानाने दगडात उतरवायचे.

त्यांना एकच मुलगी, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली. वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, त्यांच्यासारखीच मोजकं बोलणारी, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं या पोरीच्या वाट्याला आलं असावं. शाळा सुटली की ती परस्पर शेडवर यायची. मला आत्या म्हणायची, माझ्या ब्रशांची वाट लावायची, नुकत्याच कोरलेल्या अक्षरांतली भुकटी फुंकून उडवायची आणि ठसकत बसायची. ‘अगं बये, दगड खाऊन मरशील,’ म्हणून मी तिच्यावर ओरडायची. काय काय बोलून जातो आपण. मोठी झाली, पलीकडच्या किनाऱ्यावर नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली, आणि सुट्टी संपवून परत जायला ती ज्या बोटीवर चढली ती तीच, बुडालेली बोट.

बोट बंदरातून सुटून अजून डोळ्यांसमोर होती, तेवढ्यात कलली. का कलली त्याची कारणं पुष्कळ निघाली, ती चौकशीवाल्यांना लखलाभ. आमच्या गल्लीत असं घर नव्हतं की जिथलं कुणी गेलं नाही. मिस्त्रींची पोर मात्र वाचली. मासेमारीच्या होडीवाल्यांनी तिला ओढून काढलं. छातीत पाणी आणि तेल गेलेलं, पण श्वास चालू. दवाखान्यात तिच्या आजूबाजूच्या खाटांवरचे एकेक करून गेले आणि त्यांची नावं मेलेल्यांच्या यादीत चढली. चौकशी आटोपली, यादी बंद झाली, तेव्हा ही घरी उशांना टेकून बसली होती आणि मला विचारत होती की आता तुमचे ब्रश कोण खराब करतं. यादीत तिचं नाव नाही याचा तेव्हा केवढा आनंद झाला होता आम्हाला. वहिनींनी मला मिठी मारली होती, ज्यांनी कधी माझा हातसुद्धा धरला नव्हता. पुढचा हिवाळा काही पोरीला झेपला नाही. बोटीनेच नेलं तिलाही, फक्त सावकाश.

मग स्मारकाचं ठरलं आणि दगडाचं काम आमच्या शेडला आलं. समितीचे चिटणीस म्हणजे निवृत्त हेडमास्तर, भला माणूस, कुणाला नाही म्हणता न येणारा. मिस्त्रींनी जन्मात पहिल्यांदा कुणापाशी शब्द टाकला तो त्यांच्यापाशी. माझ्या मुलीचं नाव घ्याल का, एवढंच विचारलं. मास्तरांचे डोळे भरून आले. घेऊ की, एका नावाने काय होतंय, असं ते म्हणाले. मिस्त्री त्या दिवशी काम अर्धं टाकून घरी गेले, वहिनींना सांगायला.

एका नावाने काय होतं ते आर्किटेक्ट साहेब आल्यावर कळलं. त्यांची सख्खी बहीण त्या बोटीत गेली होती. तेव्हापासून या माणसाची झोप उडालेली होती, आणि यादीतल्या आकड्यात त्यांना काहीतरी आधार सापडला होता. आकडा दोन हजार तीनशे दहा. साहेबांनी माझा खडू मागून घेतला आणि आमच्या जमिनीवरच मांडून दाखवलं. दोन, तीन, पाच, सात, अकरा. या पाच संख्यांना एकाने आणि स्वतःने सोडून कशानेच भाग जात नाही. मूळसंख्या म्हणतात त्यांना, शाळेत शिकवतात आणि आपण विसरतो. आता या पहिल्या पाच मूळसंख्या एकमेकींनी गुणत चला. बे त्रिक सहा, सहा पंचे तीस, तीस साते दोनशे दहा, आणि दोनशे दहाच्या अकरा पट म्हणजे दोन हजार तीनशे दहा. मधली एकही गाळलेली नाही, एकही दोनदा आलेली नाही. अशी पुढची संख्या हवी असेल तर थेट तीस हजारांच्या पुढे जावं लागतं, असं ते म्हणाले.

म्हणून स्मारकही तसंच. अकरा शिळा, प्रत्येकीला दोन तोंडं, एकेका तोंडावर सात रांगा, रांगेत तीन गट, गटात पाच नावं. कुठे जागा रिकामी नाही, कुणी कोपऱ्यात एकटं नाही.

‘हा आराखडा माझा नाही,’ साहेब म्हणाले. ‘त्या माणसांनीच तो बरोबर आणला.’

मास्तरांनी चाचरत त्या एका नावाची गोष्ट काढली. साहेब खडू हातात धरून तसेच राहिले. मग म्हणाले, दोन हजार तीनशे अकराला कशानेच भाग जात नाही. ती स्वतःच मूळसंख्या आहे. एक नाव वाढवलं की शिळा नाहीत, रांगा नाहीत, गट नाहीत. एक तर सगळी नावं एकाखाली एक लिहीत जा, नाहीतर एक नाव बाहेर ठेवा. मिस्त्री लगेच म्हणाले की बाहेर ठेवा, पायथ्याशी, लहानशा दगडावर, मी माझ्या वेळात करीन. साहेबांनी मान हलवली. ते एकटं नाव बघून येणारा-जाणारा विचारेल की हिने काय केलं होतं, हिला बाहेर का बसवलंय. ते मला बघवणार नाही, म्हणाले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. आणि माणूस खोटं बोलत नव्हता, त्यामुळे ती आणखीच वाढली.

ते गेल्यावर मिस्त्री माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ताई, तुम्ही भागून बघा. मी पाढ्यांत पक्की, बसले जमिनीवर. दोनने भागलं, बाकी एक. तीनने भागलं, बाकी एक. पाचने एक, सातने एक, अकराने एक. उरणारच होता. दोन हजार तीनशे दहाला या सगळ्यांनी पुरता भाग जातो, मग वर ठेवलेला एक जाणार कुठे? तरी मी पुसून पुन्हा मांडलं, आणि तो एक पुन्हा तिथेच. मिस्त्री उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते. मग मी तेरा घेतले. बाकी दहा आली.

‘दहा?’ मिस्त्री म्हणाले. ‘म्हणजे सोबत तरी आहे तिला.’

वर्षातून एखादा विनोद करायचे, तो हा. मी हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं. पण हटून बसले होते, सोडलं नाही. सतराने सोळा उरले, एकोणीसने बारा, तेवीसने अकरा. सत्तेचाळीसपर्यंत गेले. त्याच्यापुढच्या मूळसंख्येने भाग गेला असता तर उत्तर तिच्याहून लहान आलं असतं, आणि लहान तर सगळ्या बघून झाल्या होत्या. पोर कुठेच बसत नव्हती. मिस्त्रींनी पायाने खडू पुसला आणि टाकीला धार लावायला घेतली.

मी त्यांना सांगितलं की सोडा हे काम, तोंडावर फेका त्यांच्या. ते म्हणाले, दुसरा कुणी नावं वाकडी कोरील. बस्स, एवढंच. वहिनींना त्यांनी काय आणि कसं सांगितलं मला ठाऊक नाही. वहिनी दुपारचा डबा घेऊन स्वतः शेडवर यायच्या, ते बंद झालं. एकेक शिळा येत गेली, मी आखत गेले, ते कोरत गेले. प्रत्येक नावाला तेवढीच खोली, तेवढीच निगुती. तिच्या वयाच्या, तिच्या वर्गातल्या मुलींची नावं आली की मी उठून पाणी प्यायला जायची. ते तिथेच बसून असत. खोकला तेवढा वाढला होता. दवाखान्यात जा म्हटलं की त्यांना ऐकू यायचं नाही.

दहा शिळा धक्क्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि अकरावी अर्धी झाली होती, तेव्हा मास्तर धापा टाकत आले. यादीतला एक माणूस जिवंत निघाला होता. बोटीच्या इंजिनखोलीत कामाला असलेला एक तरणा पोरगा. त्या दिवशी वरच्याशी बाचाबाची करून तो चढलाच नव्हता. दुसऱ्याच जहाजावर काम धरून लांब निघून गेला, आणि मागाहून बातमी कळल्यावर आपल्यावरच काही शेकेल या भीतीने त्याने घरी कळवलंसुद्धा नाही. आता आला होता. त्याचं नाव चौथ्या शिळेच्या मागच्या तोंडावर, इंजिनखोलीच्या माणसांत, मिस्त्रींच्या हातचं.

राहिले दोन हजार तीनशे नऊ. साहेबांनी रात्रभर बसून बघितलं होतं म्हणे. तीही मूळसंख्या. तिकडे एक जास्त म्हणून बसत नव्हतं, इकडे एक कमी म्हणून बसत नव्हतं. आता समितीपुढे दोनच गोष्टी होत्या. जिवंत माणसाचं नाव तसंच राहू द्यायचं, नाहीतर ते काढून तिथे दुसरं घालायचं, आणि घालण्याजोगं नाव सगळ्या गावात एकच होतं. आईबापांची संमती तेवढी लागणार होती. मास्तर हे आनंदाची बातमी म्हणून सांगत होते, देव त्यांचं भलं करो.

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली.

‘मी बाप म्हणून मागितलं तेव्हा ती जास्त होत होती,’ ते म्हणाले. ‘आता तुम्हाला एक कमी पडला. माझी लेक तुमचा खड्डा बुजवायला नाही मेली, मास्तर.’

इतकं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मास्तर तोंडात मारल्यासारखे उभे राहिले आणि निघून गेले. मग समितीने ठरवलं की नाव आहे तसंच राहू द्यावं. चार वर्षांनी कोण बघतंय, असं कुणीतरी म्हणालं म्हणे.

आणि मग त्या पोरग्याची आई आली. बाजारात जुनी भांडी विकायला बसते, मी तिला तोंडओळखीने ओळखत होते. वाचता येत नव्हतं तिला. माझ्या मुलाचं कुठलं ते दाखवा, म्हणाली. मी तिला घेऊन धक्क्यावर गेले आणि दाखवलं, तर तिने त्यावर तळहात ठेवला आणि काढेचना. तसाच हात धरून तिला मागे आणावं लागलं. शेडमध्ये येऊन ती मिस्त्रींसमोर दगडाच्या चुऱ्यात खालीच बसली. तिच्या ओळखीच्या प्रत्येक बाईचं कुणी ना कुणी त्या दगडांवर होतं. एकटीचाच परत आला होता, आणि तिला कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पोरगा म्हणायचा राहू दे ना नाव, काय फरक पडतो. हिला पडत होता. तो झोपला की ही उठून त्याचा श्वास बघायची. मेलेल्यांत लिहिलेला आहे तोवर तो आपला नव्हेच, असं तिला वाटत होतं.

‘तुमच्या मुलीला आत घ्या, दादा,’ ती म्हणाली. ‘म्हणजे माझा बाहेर येईल.’

मला तिला हाकलून द्यावंसं वाटत होतं. कुठल्या तोंडाने मागते ही बाई, असं मनात येत होतं, आणि तिच्या जागी मी असते तर याहून निर्लज्जपणे मागितलं असतं हेही कळत होतं. मिस्त्रींनी हातातली टाकी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो सध्या. काही नाही, घरीच असतो, ती म्हणाली. मिस्त्रींनी तोंडावरचं फडकं सोडलं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी संमतीचा कागद घेऊन आले. खाली दोघांच्या सह्या. वहिनींनी पेन इतकं दाबलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

नाव घासून काढायला सकाळ गेली. पोरग्याची म्हातारी आई तोंडावर पदर धरून शिळेपाशी बसून होती, ऊठ म्हटलं तरी उठेना. शेवटचं अक्षर गेलं तशी ती मोठ्याने हसली, मग स्वतःच दचकली, आणि भराभर निघून गेली. पोरगा रस्त्याच्या वळणावर उभा होता, पुढे यायची त्याची हिंमत नव्हती. मिस्त्रींशी ती एक शब्द बोलली नाही. तिचा मला राग आला नाही. खरं सांगायचं तर आला.

दगड घासला की तेवढ्या जागी तो खाली बसतो. उथळ बशीएवढा खळगा पडला होता, त्यात मला आखायचं होतं. त्या दिवशी मी दोनदा पुसून टाकलं. मिस्त्रींनी टाकी लावली, हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

‘ताई, मी मागितलं होतं ना हे?’ ते म्हणाले. ‘मग हात का पडत नाही?’

मी म्हटलं, राहू द्या, उद्या करा. पण उद्या तरी काय वेगळं असणार होतं हे दोघांनाही कळत होतं. बऱ्याच वेळाने पहिला घाव पडला, आणि मग ते थांबले नाहीत. भुकटी मी फुंकली. कुणीतरी फुंकायला हवी होती.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. धक्क्यावर अकरा शिळा ओळीत उभ्या, पाहावं तिकडून रांगा सरळ, कुठे खोट नाही. आर्किटेक्ट साहेब बहिणीच्या नावापाशी जे उभे राहिले ते भाषणाला बोलावलं तरी हलले नाहीत. तेव्हा मला त्यांची कीव आली, इतके दिवस आली नव्हती. मिस्त्री आले नाहीत. खोकला फार आहे म्हणाले. वहिनी आल्या, माझ्याबरोबर.

मी त्यांना चौथ्या शिळेच्या मागे नेलं. तिथे गर्दी कमी होती. वहिनींनी नाव वाचलं, मग त्याच्या वरचं वाचलं, खालचं वाचलं आणि विचारलं की हे कोण. मी सांगितलं, इंजिनखोलीतले आहेत सगळे, काम करणारे पुरुष. त्यांनी बोटं फिरवली आणि त्यांना तो खळगा लागला. इथे खोल का आहे, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात शिळेच्या पलीकडून म्हातारी आली. आमच्यासाठी नव्हती आली. आपल्या मुलाचं नाव खरंच गेलंय ना, ते पुन्हा एकदा बघायला आली असावी. वहिनींना बघून ती जागच्या जागी थबकली. मी दोघींची ओळख करून दिली नाही. पण वहिनींनी ओळखलं.

‘मुलगा बरा आहे ना?’ त्यांनी विचारलं.

म्हातारीच्या तोंडून हो निघेना. सगळ्या गावात त्या दिवशी हो म्हणू शकणारी ती एकटी, आणि तिची मान वर होईना. नुसती हलवली तिने, जेमतेम.

‘जेवतो ना नीट?’ वहिनी म्हणाल्या.

म्हातारी रडायला लागली. वहिनींचा हात अजून दगडावरच होता, आणि त्या तशाच उभ्या राहून तिच्या उत्तराची वाट बघत होत्या.